हिशेबाची उमेदवारी : लेखापालाच्या पेशात प्रवेश कोणाला मिळाला?

'चार्टर्ड अकाउंटंट' या इंग्रजी संज्ञेला मराठीने 'सनदी लेखापाल' असा पर्याय दिला. त्यातील 'सनद' अरबी, फारसीच्या वाटेने दख्खनमध्ये आलेली. 'लेखापाल' संस्कृत वळणाचा. हा जोड काही अपवाद नव्हे. हिशेब, जमा, खर्च, बाकी, वसूल, तेरीज, रोजकीर्द, दफ्तर हे मराठी माणसाच्या रोजच्या तोंडचे शब्द मूळचे अरबी-फारसी आहेत. फडणीस म्हणजे फर्दनवीस, हिशेबाच्या फर्दा लिहिणारा. मुजुमदार म्हणजे मजमूअदार, एकूण जमेवर नजर ठेवणारा. सबनीस, पोतनीस, कारखानीस या सर्वांच्या शेपटाशी 'नवीस' म्हणजे 'लिहिणारा' हे एकच फारसी पद आहे. मात्र ही आडनावे लावणारी घराणी जवळपास सर्व ब्राह्मण किंवा कायस्थ प्रभू आहेत. शब्द एका दरबाराच्या भाषेतून आले आणि पेशा दुसऱ्याच समाजाच्या घरात मुरला.

वाणिज्य शाखेत शिकणारा मुस्लिम, दलित किंवा खेड्यातून आलेला विद्यार्थी सनदी लेखापालाच्या परीक्षेकडे का वळत नाही, याची चर्चा महाविद्यालयांत बहुधा आवड, गणिताची भीती, चिकाटीचा अभाव अशा शब्दांत होते. या शब्दांत तथ्य मुळीच नाही असे नाही. पण पेशाचा इतिहास पाहिला तर अडसर दुसरीकडे दिसतो. हिशेबाच्या पेशाने उमेदवाराचा धर्म किंवा जात कायद्याने विचारल्याची उदाहरणे आपल्याकडे थोडीच आहेत. अडवणूक झाली ती दोन ठिकाणी : हिशेब कोणत्या भाषेत लिहायचा, आणि शिकाऊ माणसाला आपल्या शेजारी कोण बसू देणार.

दोन बादशाही निर्णय

पहिल्या मुद्द्याचे ठळक उदाहरण विजापूरचे आहे. पहिला इब्राहिम आदिलशहा इ.स. १५३४ मध्ये गादीवर आला आणि लवकरच त्याने महसुली हिशेब फारसीऐवजी देशी भाषेत ठेवण्याचा हुकूम दिला. फरिश्ता या इतिहासकाराने या भाषेला 'हिंदवी' म्हटले आहे. पुढील अभ्यासकांपैकी अनेकांनी त्याचा अर्थ मराठी असा घेतला. हिंदवी म्हणजे नेमकी कोणती भाषा, यावर वाद घालता येईल. परिणामाबद्दल मात्र फारसा वाद नाही. इराणकडून आलेल्या आफाकी मंडळींचे दफ्तरातील वजन घटले आणि स्थानिक ब्राह्मण कारकुनांचे वाढले. आदिलशाहीचे कितीतरी कागद फारसी आणि मोडी मराठी अशा दोन्ही लिपींत लिहिलेले आढळतात, ते याच व्यवस्थेचे साक्षीदार आहेत. गावचा कुलकर्णी आपला हिशेब मराठीत किंवा कानडीत लिहीतच होता. आता त्याचा कागद वरच्या कचेरीत दुभाष्याशिवाय वाचला जाऊ लागला.

यानंतर अर्ध्या शतकाच्या आतच उत्तरेत नेमके उलट घडले. १५८२ मध्ये राजा तोडरमलच्या पुढाकाराने अकबराच्या राज्यात खालच्या पातळीवरील महसुली हिशेबही फारसीतच ठेवण्याचे ठरले. तोपर्यंत हे काम हिंदवी जाणणाऱ्या हिंदू कारकुनांकडे होते. वरवर पाहता या हुकमाने ते बाहेर फेकले जायला हवे होते. घडले ते वेगळेच. कायस्थ आणि खत्री घराण्यांनी मुलांना फारसी शिकवली, 'सियाक' ही अरबी संख्यावाचक शब्दांच्या संक्षेपांवरून बनलेली आकडे लिहिण्याची अवघड पद्धत आत्मसात केली आणि मोगल दफ्तर पुढे कित्येक पिढ्या आपल्याकडे राखले.

हे दोन्ही निर्णय शेजारी ठेवले की भाषेची ताकदही दिसते आणि तिची मर्यादाही. विजापुरात भाषा सोपी झाली म्हणून दार उघडले, पण ते आधीच लिहिता-वाचता येणाऱ्यांसाठी. कुणबी, कोष्टी, बागवान, मोमीन यांच्यासाठी देशी भाषेतील दफ्तर फारसी दफ्तराइतकेच दूर राहिले. उत्तरेत भाषा कठीण झाली तरी ज्या घरांत शिकवणारा बाप, चुलता, मामा होता त्यांनी ती अडचण ओलांडली. मुस्लिम समाजातही लेखणी काही सर्वांच्या हाती नव्हती. काझीचे वतन वंशपरंपरेचे होते आणि महजर, निकाल, वक्फाचे कागद त्याच्याच घरात लिहिले जात. फारसी ही दरबाराची भाषा होती म्हणून ती गावच्या अत्तार-तांबोळ्याची झाली, असे समजण्याचे कारण नाही. ही समजूत मुस्लिम आणि मुस्लिमेतर अशा दोन्ही बाजूंना आजही आढळते, म्हणून एवढे सांगायचे.

शिवकाळात रघुनाथ पंडितांच्या राज्यव्यवहारकोशाने फारसी कारभारी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. मुजुमदाराचा अमात्य झाला. पण पेशवाईत नाना फडणीस हे नाव घ्यायचे तर फारसी पदच घ्यावे लागते. भानू हे त्यांचे मूळ आडनाव पदाच्या नावाखाली झाकले गेले. शब्द बदलण्याचा प्रयत्न अर्धवट राहिला आणि पदे घराण्यांकडेच राहिली. इंदूर आणि ग्वाल्हेरच्या दरबारांतही फडणिशीची कथा निराळी नाही.

हैदराबादची दोन दफ्तरे

निजामाच्या राज्यातील व्यवस्था या दृष्टीने विशेष बोलकी आहे. महसुली हिशेब दोन दफ्तरांत विभागलेले होते. दफ्तर-इ-दिवानी रायरायान घराण्याकडे होते. हे घराणे मराठी देशस्थ ब्राह्मणांचे. दफ्तर-इ-माल मालवाला घराण्याकडे होते; हे उत्तरेतून आलेले माथुर कायस्थ. करेन लिओनार्ड यांनी हैदराबादच्या कायस्थांचा जो सामाजिक इतिहास १९७८ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात या घराण्यांची नाती, विवाह आणि नोकऱ्या एकमेकांत कशा गुंतल्या होत्या ते तपशिलाने आले आहे. राज्यकर्ता मुस्लिम, हिशेबाची भाषा फारसी, आणि हिशेब राखणारे एक मराठी व एक हिंदुस्थानी हिंदू घराणे. आजच्या भाषेत यास कोणी 'वैविध्य' म्हणेल. पण दोन घराण्यांच्या पलीकडच्या माणसाला त्या दफ्तरात शिरायचे तर त्या घराण्यांच्याच ओळखीने शिरावे लागे. माणसे निरनिराळ्या समाजांची दिसली म्हणून दार सर्वांना उघडे होते असा निष्कर्ष निघत नाही, हे येथे स्पष्ट होते.

१८५३ मध्ये दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगांनी या दफ्तरदारांचे महत्त्व कमी करून पगारी महसूल यंत्रणा उभारली; १८६५ ची जिल्हाबंदी हा त्याचा मुख्य टप्पा. १८८० च्या दशकात राज्यकारभाराची भाषा फारसीऐवजी उर्दू झाली. यामुळे स्थानिक उर्दू बोलणाऱ्यांचे दिवस फिरले का? पूर्णपणे नाही. नव्या कचेऱ्यांत इंग्रजी पद्धतीचे हिशेब जाणणारी माणसे लागत होती आणि ती मोठ्या प्रमाणावर उत्तर हिंदुस्थानातून आली. मुलकी आणि गैरमुलकी हा हैदराबादचा पुढे दीर्घकाळ चाललेला झगडा येथूनच तीव्र झाला. भाषा आपली आणि खुर्ची परक्याची, असा हा अनुभव होता.

'उमेदवार' या शब्दाची हकिकत

येथे एका शब्दाकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. आज 'उमेदवार' म्हटले की निवडणूक आठवते. जुन्या कचेरीत उमेदवार म्हणजे नेमणुकीच्या आशेवर, म्हणजे उमेदीवर, बिनपगारी बसणारा मुलगा. तो दौत भरे, नकला करी, बेरजा तपासे आणि एखादी जागा रिकामी होण्याची वाट पाही. 'अमुक वकिलाकडे उमेदवारी केली' हा वाक्प्रचार मराठीत अजून जिवंत आहे, आणि हिशेबाच्या पेशाचा गाभा या एका शब्दात आहे. हिशेब पुस्तकातून अर्धा शिकता येतो. उरलेला अर्धा कोणाच्या तरी शेजारी बसून, त्याच्या चुका आणि युक्त्या पाहून शिकावा लागतो.

कुलकर्ण्याच्या मुलाला ही उमेदवारी घरातच मिळे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी तो पंतोजींकडे पाठ करी. मोडी वळण वडिलांच्या बैठकीवर गिरवी. शेतकऱ्याच्या मुलाला ती मिळण्याची सोय नव्हती. त्यामुळे शेतसाऱ्याची नोंद बरोबर आहे की नाही हे तपासण्याची ताकद ज्याच्याकडून सारा घ्यायचा त्याच्याकडे नव्हती. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात कुलकर्ण्याच्या लेखणीवर जो राग काढला आहे, तो या अर्थाने वाचावा. लेखा ठेवणारा आणि लेखा ज्याचा आहे तो, यांच्यातील अंतर हा केवळ शिक्षणाचा प्रश्न नव्हता. त्यात जमीन जाण्याचा धोका होता. मुंबई राज्यात कुलकर्णी वतने रद्द करणारा कायदा १९५० साली झाला. त्यानंतर गावचा हिशेब पगारी तलाठ्याकडे गेला.

याच्या उलट उदाहरण मुंबई-गुजरातच्या बोहरा, खोजा आणि मेमन व्यापाऱ्यांचे आहे. त्यांच्या वह्या गुजरातीत असत आणि पेढीवर बसणारा मुलगा दहा-बारा वर्षांच्या वयात रोजमेळ आणि खातेवही ओळखू लागे. वडोदऱ्यात किंवा मुंबईच्या भेंडीबाजारात वाढलेल्या बोहरा मुलाला हिशेब कधी परका वाटला नाही. बेळगाव किंवा मराठवाड्यातील मोमीन-बागवान मुलाला तो वाटला. धर्म एकच होता. फरक पडला तो घरात पेढी असण्या-नसण्याचा. मुस्लिम मुलांना हिशेबात गोडी नसते असे जे सरसकट बोलले जाते, त्याला एवढे एक उदाहरण पुरेसे उत्तर आहे.

कायद्याने घडवलेला पेशा

आधुनिक लेखापरीक्षकाचा पेशा आपल्याकडे १९१३ च्या भारतीय कंपनी कायद्याने आकाराला आला. हा कायदा १९१४ पासून अमलात आला. लेखापरीक्षकाची पात्रता कायद्यात प्रथमच सांगितली गेली. ब्रिटनमधील मान्य संस्थांचे सभासद येथे आपोआप पात्र ठरले. इतरांना प्रांतिक सरकारकडून दाखला घ्यावा लागे आणि हे दाखले दोन प्रकारचे होते. अनिर्बंध दाखला असणाऱ्याला ब्रिटिश हिंदुस्थानात कोठेही काम करता येई. निर्बंधित दाखला असणाऱ्याला त्याच प्रांतात आणि दाखल्यात नमूद केलेल्या भाषेतच लेखापरीक्षण करता येई. १९२० मध्ये हे निर्बंधित दाखले देणे बंद झाले.

ही तरतूद आज फारशी कोणाच्या लक्षात नाही. देशी भाषेत वह्या तपासणाऱ्या माणसाला कायद्याने काही काळ मान्यता दिली होती, दुय्यम का होईना. ती संपल्यावर लेखापरीक्षक होण्याचा मार्ग इंग्रजीतून जाणारा एकच उरला. दर्जा एकसारखा व्हावा हा हेतू समजण्यासारखा आहे. पण मोडी किंवा गुजरातीत पन्नास वर्षे वह्या लिहिलेल्या मुनीमाचे ज्ञान त्याच क्षणी 'अपात्र' झाले, हेही तितकेच खरे.

मुंबईत १९१३ मध्ये सिडनहॅम महाविद्यालय सुरू झाले. १९१८ पासून 'गव्हर्नमेंट डिप्लोमा इन अकाउंटन्सी' म्हणजे जी.डी.ए. ही परीक्षा आली. परीक्षेबरोबर मान्यताप्राप्त लेखापालाकडे तीन वर्षांची उमेदवारी सक्तीची होती. जुन्या कचेरीतील उमेदवार नव्या कायद्यात 'आर्टिकल्ड क्लार्क' होऊन परत आला. ब्रिटनमध्ये या उमेदवारीसाठी उलट उमेदवारानेच मालकाला 'प्रीमियम' म्हणून मोठी रक्कम द्यायची प्रथा होती. तेथे जाऊन सनद मिळवणे ज्यांना परवडे ते उघडच संपन्न घरांतले असत. येथील ब्रिटिश पेढ्यांत हिंदी उमेदवाराला जागा मिळणे दुर्मीळ होते. मुंबईत पारशी आणि गुजराती लेखापालांच्या पेढ्या लवकर उभ्या राहिल्या आणि त्यांच्याकडे साहजिकच ओळखीपाळखीची मुले आधी शिकली. यात कोणाचा दुष्टपणा शोधण्याची गरज नाही. ज्याच्या हाती गिऱ्हाइकांची गुपिते द्यायची तो मुलगा माहितीतला असावा असे कोणालाही वाटते. पण माहितीतल्यांची वर्तुळे जातीची आणि धर्माची असतात, त्यामुळे परिणाम तोच होतो.

१९३२ मध्ये ऑडिटर्स सर्टिफिकेट नियम आले, भारतीय लेखा मंडळ स्थापन झाले आणि 'रजिस्टर्ड अकाउंटंट' ही उपाधी रूढ झाली. पुढच्याच वर्षी, १९३३ मध्ये, मद्रासच्या आर. शिवभोगम या हिंदुस्थानातील पहिल्या महिला लेखापाल ठरल्या. त्यांची कहाणी आपल्या विद्यार्थिनींना सांगण्याजोगी आहे. १९०७ चा त्यांचा जन्म. स्वदेशीच्या चळवळीत त्यांनी एक वर्षाचा तुरुंगवास भोगला. परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर प्रश्न आला तो उमेदवारीचा, आणि तो सुटला सी. एस. शास्त्री या मद्रासच्या लेखापालांनी त्यांना आपल्याकडे घेतले म्हणून. नंतर तुरुंगात गेलेल्या व्यक्तीची लेखापाल म्हणून नोंदणी होऊ शकत नाही असा नियम आड आला. त्यांनी न्यायालयात दाद मागितली, ती मिळाली आणि १९३७ पासून त्यांनी स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. १९५५ ते १९५८ या काळात त्या सनदी लेखापाल संस्थेच्या दक्षिण विभागीय परिषदेच्या अध्यक्ष होत्या. त्यांच्या नावे सर्वोत्तम विद्यार्थिनीसाठी पारितोषिक दिले जाते.

शिवभोगम यांच्या बुद्धीचे आणि धैर्याचे कौतुक होते ते योग्यच आहे. शास्त्री यांच्याविषयी मात्र सहसा कोणी बोलत नाही. त्या काळी एका अविवाहित, तुरुंगात जाऊन आलेल्या तरुणीला पेढीत बसवून घेणे ही साधी गोष्ट नव्हती. इंग्लंडच्या मेरी हॅरिस स्मिथ यांची आठवण येथे होते. १८९१ मध्ये त्यांनी तेथील सनदी संस्थेकडे अर्ज केला होता. स्त्री म्हणून तो नाकारला गेला. १९१९ च्या कायद्याने स्त्रियांवरील बंधन उठल्यावर १९२० मध्ये त्या जगातील पहिल्या महिला सनदी लेखापाल झाल्या, तेव्हा त्यांचे वय पंचाहत्तरीच्या घरात होते. कायद्याची वाट पाहायची तर आयुष्य असे निघून जाते.

अमेरिकेतील पडताळा

परीक्षा खुली आणि उमेदवारी बंद, ही स्थिती किती काळ टिकू शकते हे अमेरिकेच्या इतिहासात फार स्वच्छ दिसते. थेरेसा हॅमंड यांनी २००२ मध्ये कृष्णवर्णीय लेखापालांवर प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाचा विषयच हा आहे. तेथे 'सर्टिफाइड पब्लिक अकाउंटंट' होण्यासाठी बहुतेक राज्यांत परवानाधारक लेखापालाच्या हाताखाली काम केल्याचा अनुभव लागे. गोऱ्यांच्या पेढ्या कृष्णवर्णीयांना ठेवत नसत. आमची गिऱ्हाइके ते खपवून घेणार नाहीत, हे ठरलेले उत्तर असे. कागदावर मनाई कुठेच नव्हती. जॉन क्रॉमवेल धाकटे हे १९२१ मध्ये पहिले कृष्णवर्णीय सी.पी.ए. झाले, ते राहत असलेल्या वॉशिंग्टनमध्ये नव्हे, तर दूर न्यू हॅम्पशायर राज्यात. कारण तेथे अनुभवाची अट नव्हती.

शिकागोच्या मेरी वॉशिंग्टन या १९४३ मध्ये हा परवाना मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. त्यांना उमेदवारी मिळाली ती त्यांच्या आधी परवाना मिळवलेल्या एका कृष्णवर्णीय लेखापालाकडे. पुढे त्यांनी स्वतःची पेढी काढली आणि देशाच्या निरनिराळ्या भागांतून तरुण केवळ अनुभवाचा दाखला मिळावा म्हणून शिकागोला येऊन त्यांच्याकडे राहिले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तेथील सुमारे एक लाख सी.पी.ए. मध्ये कृष्णवर्णीय दीडशेहूनही कमी होते. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर मोठ्या पेढ्यांची दारे किलकिली झाली. १९६९ मध्ये नऊ तरुण लेखापालांनी न्यूयॉर्कमध्ये स्वतःची संघटना काढली. तरीही आज हे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपासच आहे. दक्षिण आफ्रिकेत पहिला कृष्णवर्णीय सनदी लेखापाल व्हायला १९७६ साल उजाडावे लागले.

या तपशिलांत आपल्या उपयोगाचा भाग असा की तेथे आरंभीची संख्या वाढली ती एकट्या-दुकट्या पेढ्यांमुळे. एकाने दुसऱ्याला शेजारी बसवले, दुसऱ्याने तिसऱ्याला. हिशेबाची जी पद्धत कुलकर्ण्याच्या बैठकीवर किंवा बोहऱ्याच्या पेढीवर चालत होती, तीच तेथे रक्ताच्या नात्याशिवाय चालली.

१९४९ नंतर

स्वतंत्र भारतात १ जुलै १९४९ रोजी चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा अमलात आला आणि भारतीय सनदी लेखापाल संस्था स्थापन झाली. जी. पी. कापडिया तिचे पहिले अध्यक्ष. सुरुवातीला सभासद सुमारे १,७०० होते. आता ते चार लाखांवर गेले आहेत आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास आहे. विद्यार्थ्यांत ते ४० टक्क्यांहून अधिक आहे. शिवभोगम यांच्या काळाशी तुलना करता हा बदल थोडाथोडका नाही. संस्थेच्या नियमांनी प्रीमियम, कर्ज किंवा ठेव अशा कोणत्याही रूपाने उमेदवाराकडून पैसे घेण्यास मनाई केली आणि किमान विद्यावेतन ठरवून दिले. परीक्षेला बसण्यास धर्म, जात, लिंग यांची आडकाठी नाही. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला ५५ टक्के गुण असतील तर पहिल्या टप्प्याची परीक्षा न देता थेट प्रवेश घेण्याची सोयही २०१२ पासून आहे. ती आपल्या कित्येक पदवीधरांना ठाऊक नसते, हे वाणिज्य विभागांनी मनावर घ्यायला हवे.

जुने दोन्ही अडसर मात्र नव्या रूपात उभे आहेत. परीक्षा इंग्रजी किंवा हिंदी माध्यमातून देता येते. मराठी किंवा उर्दूतून नाही. उर्दू माध्यमातून दहावी होऊन वाणिज्य शाखेत आलेल्या मुलाची अवस्था पाहावी. वडिलांच्या दुकानात त्याने उधारी, जमा, बाकी हे शब्द ऐकलेले असतात. मराठी क्रमिक पुस्तकात त्याला 'ऋणको' आणि 'धनको' भेटतात, आणि महाविद्यालयात त्यांचे 'डेटर' आणि 'क्रेडिटर' होतात. एकाच गोष्टीची ही तिसरी नावे आहेत हे त्याला कोणी सांगितले नाही तर तो विषयच अवघड समजून बसतो. जमा-खर्च-बाकी हे शब्द त्याच्या घरचे आहेत, इतकेच नव्हे तर उर्दू आणि मराठीला समाईक आहेत. शिकवताना त्यांचा आधार घेतला जात नाही, ही आपल्या अध्यापनाची उणीव म्हणावी लागेल.

दुसरा अडसर उमेदवारीचा. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने २००१ च्या जनगणनेच्या आधारे दाखवून दिले की वीस वर्षांवरील एकूण लोकसंख्येत पदवी किंवा पदविका असणारे सुमारे ७ टक्के होते, तर मुस्लिमांत ४ टक्क्यांहून कमी. जेथे पदवीधरच एवढे कमी, तेथे स्वतःची पेढी असणारे लेखापाल नातेसंबंधांत किती सापडणार? विद्यार्थी परीक्षेचे सुरुवातीचे टप्पे ओलांडतो आणि मग त्याला पेढी शोधावी लागते. विद्यावेतनाचे किमान दर शहराच्या लोकसंख्येप्रमाणे कमी-जास्त असतात. मोठ्या शहरात ते थोडे अधिक, पण तेथे राहण्या-जेवण्याचा खर्च त्याहून कितीतरी अधिक. ज्या घरात थोरल्या मुलाच्या कमाईवर धाकट्या बहिणीची फी अवलंबून आहे, त्या घराला दोन वर्षांची उमेदवारी परवडत नाही. मुलगा मग बी.कॉम. बरोबर टॅलीचा अभ्यासक्रम करतो आणि एखाद्या दुकानात किंवा आखाती देशात हिशेबनीस म्हणून लागतो. ही निवड मूर्खपणाची नाही. त्या घराच्या परिस्थितीत ती पुष्कळदा शहाणपणाचीच असते. १९८६ मध्ये बेंगळुरूत जन्मलेल्या टॅलीच्या कंपनीने अशा हजारो मुलांना पेशाच्या ओसरीपर्यंत तरी आणले. ओसरीवरून आत जाण्याची वाट मात्र अजून उमेदवारीतूनच जाते.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. लेखापरीक्षणासाठी परगावी जावे लागते, मार्च ते सप्टेंबर कामाचा रेटा असतो, रात्री उशीर होतो. घरच्यांना पेढी आणि तेथील माणसे माहीत नसतील तर परवानगी मिळत नाही. शास्त्रींसारखे कोणी शहरात आहे, हे सांगणारा विश्वासाचा माणूस बहुधा महाविद्यालयातील शिक्षकच असू शकतो. पालक परीक्षेच्या टक्केवारीपेक्षा त्या शिक्षकाच्या शब्दावर अधिक विसंबतात, हा अनुभव बेळगाव-वडोदऱ्याच्या कोणत्याही वाणिज्य शिक्षकाला परिचित असावा.

जुलै २०२३ पासून संस्थेच्या नव्या अभ्यासयोजनेत उमेदवारीचा काळ तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आला. यावर टीकाही झाली. एवढ्या काळात काम नीट शिकता येत नाही असे जुन्या लेखापालांपैकी काहींना वाटते. गरीब घराच्या दृष्टीने हिशेब निराळा आहे : कमाईविना जाणारे एक वर्ष कमी झाले. या बदलानंतर आलेल्या पहिल्या तुकड्यांची उमेदवारी आता पुरी झाली आहे. आपल्या महाविद्यालयांतून त्यांत किती जण गेले, कोणत्या पेढीत बसले आणि त्यांची जागा त्या पेढीत त्यांच्यामागून कोणी घेतली, याची नोंद वाणिज्य विभागाच्या एका साध्या वहीत ठेवता येईल.